चिकाचे डॉक्टर

गोठ्यात शिरले की ते माणसाकडे आधी बघतच नसत. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या तोंडात बोट घालायचे, ते चोखतंय का पाहायचे आणि मग विचारायचे, "पाजलं का?" रामराम वगैरे नाहीच. एकदा हळदीच्या मांडवात सवयीनं त्यांनी नवऱ्याच्या बापालाही तेच विचारलं. तो बिचारा दचकून मांडवामागं बसलेल्या पिणाऱ्यांकडे बघायला लागला!

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले हे जनावरांचे डॉक्टर मोशीत चौथ्या मजल्यावर राहायचे. बायको गेलेली, मुलगी परदेशात. मी चाकणकडचा, कंपनीत शिफ्ट करणारा. घरी आबा, म्हणजे माझे वडील, आणि चार गाई.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. गाय व्याली की तिची वार, म्हणजे पोटातली गर्भाची पिशवी, पडेपर्यंत वासराला आचळाला लावायचं नाही. आबा त्यात भलते हट्टी. "वार पडल्याबिगर पाजलं तर गाय हातची जाती."

डॉक्टर पहिल्यांदा आमच्या गोठ्यात आले, तेव्हा हे ऐकून तडकले. "आबा, नव्या वासराच्या आतड्याची जाळी मोठी असते. चिकातली, या पहिल्या दुधातली, ताकद त्यातून अख्खीच्या अख्खी रक्तात उतरते. दिवसभरात जाळी मिटते. तोवर ते उपाशी राहून गोठ्यातली घाण चाटत बसलं, तर रोगाचं विषही त्याच वाटेनं आत जातं. आधी कोण पोचतं, त्यावर त्याचं जगणं!"

"मग आमी काय आजच गाई पाळतोय व्हय?"

"मी इथंच बसतो. गाय मेली तर मला धरा."

आणि बसले की राव, तिथंच शेणात! वासरू प्यालं, दुपारी वार पडली, गाय निवांत रवंथ करत होती. आबा एवढंच म्हणाले, "भाकरी खाऊन जावा." आमच्या आबांची माफी ती तेवढीच. जेवताना डॉक्टर हसून म्हणाले, "सावकाश वाढा. घरी वाट बघणारं कोण आहे?" मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाण्यासाठी फ्रीज उघडला. आत ना भाजी, ना दूध. वरच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र चिकाच्या बाटल्या खच्चून भरलेल्या. कुणाची गाय भरपूर चीक द्यायची, तिथून मागून आणायचे. आई मेलेल्या वासरासाठी ठेवायचे. आणि खरवसाचं नाव काढलं की भडकायचे. बाटली देताना दर वेळी बजावायचे, "कोमट पाण्यात धर. उकळलास तर खरवस होईल. वासराला काय वड्या चारणार आहेस?" मग दारात बराच वेळ बोलत राहायचे. त्यांच्याकडे कुणी आलंच तर ते बाटलीसाठीच, हे त्यांनाही माहीत होतं.

यंदाच्या थंडीत आमची गाय वितानाच गेली. वासरू जगलं. डॉक्टर फोन उचलेनात, म्हणून गाडी काढून मोशी गाठली. बेल वाजवली, हाका मारल्या. शेवटी वॉचमननं कुलूपवाला आणला.

डॉक्टर खुर्चीत बसलेले होते. हात लावला तर गार.

वॉचमननं पोलिसांना फोन केला. प्रेताला एकटं ठेवू नये, म्हणून मी शेजारच्या बाईंना म्हटलं, "ताई, पोलीस येईपर्यंत बसता का जरा? वासरू उपाशी आहे." त्या दारातूनच म्हणाल्या, "आम्हाला त्यांचं नावसुद्धा माहीत नाही हो." वॉचमनही जिन्यातच थांबला.

काय करावं माणसानं? बसावं तर वासरू जाणार, जावं तर ते एकटे. शेवटी फ्रीजमधली एक बाटली घेतली, त्यांच्या पायाला हात लावून "येतो" म्हटलं आणि निघालो.

आबा गोठ्याच्या दारातच उभे होते. सगळं ऐकलं आणि बाटली माझ्या हातातून ओढूनच घेतली. "दे हिकडं, मी पाजतो. तू फिर माघारी. मानूस एकला हाय तिथं."

तसाच फिरलो. पोचलो तर त्यांना नेलेलं होतं. दाराला नवं कुलूप. शेजारच्या बाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"आमच्या वासरांचे डॉक्टर होते," असं म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "घरचाच." मग तिथंच पायरीवर बसून रडलो.