‘ही’ म्हणजे तो

मी प्रेमलाल. बालाघाटच्या एका मिडल शाळेत इंग्रजीचा मास्तर होतो. माझ्या हाताखालून कितीतरी पोरं गेली, पण सगळ्यात नेटानं इंग्रजी शिकलेल्या बाईचं नाव शाळेच्या हजेरीपटावर कधीच नव्हतं. तिचं नाव अनुसया. गावापासून दोन कोसांवरच्या मँगनीजच्या खाणीत ती दगड फोडायची. आणि ती इंग्रजी शिकली ती एका माणसाचं वाटोळं करण्यासाठी. हे मी मागाहून लावलेलं अनुमान नाही. पहिल्याच दिवशी तिनं मला तसं सांगितलं होतं.

सन चौसष्टची गोष्ट. शाळा सुरू होऊन तीनेक महिने झाले होते. सहावीत साधना नावाची एक मुलगी होती, अबोल आणि अक्षराची चांगली. सहावीतच इंग्रजीला सुरुवात व्हायची, त्यामुळे वर्ग अजून ‘धिस इज माय सिस्टर’ इथवरच आला होता. एके दिवशी सुट्टीत ती माझ्या टेबलाजवळ आली आणि म्हणाली, “गुरुजी, वाइफ म्हणजे काय?”

“बायको. पण आपल्या पुस्तकात तर नाही हा शब्द. कुठं सापडला?”

तिनं दप्तरातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. कार्बनची नक्कल होती, निळी पडलेली. सगळं इंग्रजीत, एकाच वळणदार हातानं लिहिलेलं, आणि खाली अंगठा. मी वाचलं. लिहिलं होतं: मी खेमराजची बहीण आहे. त्याला बायको नाही. त्याला मूल नाही. कटंगीला माझं स्वतःचं घर आहे. मला खोली नको.

“खेमराज कोण?”

“माहे बाबा,” ती म्हणाली. “आन् अंगठा मायचा हाय.”

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. तिशीतली, काटक, नखांत मँगनीजची काळी रेघ कायमची बसलेली. व्हरांड्यात उभी राहून म्हणाली, “गुरुजी, पोरीनं सांगतलं मले. तरी तुमी एक-एक शब्द सांगा. कोणता शब्द कुठं हाय ते बोट ठेवून दाखवा.”

मी बोट ठेवून सांगितलं. ‘त्याला बायको नाही’ या ओळीवर तिनं माझं बोट बाजूला सारलं आणि स्वतःचं ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

मग तिनं सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी खाणीत दरड पडून खेमराज गेला होता. खाणीच्या लाईनीत, म्हणजे मजुरांच्या चाळीत, त्यांची एक खोली होती. तो गेल्यावर आठव्या दिवशी ऑफिसातला बाबू शालिकराम कागद घेऊन आला. तो आपल्याच बोलीचा माणूस, वैनगंगेच्या पलीकडचा. म्हणाला, “खोली तुह्या नावावर कराची हाय, अंगठा दे.” तिनं दिला. महिन्याभरात तिला खोली सोडायला लावली आणि शालिकरामचा साळा तिथं राहायला आला. ती ऑफिसात विचारायला गेली तेव्हा बाबूनं हीच नक्कल तिच्या हातात दिली. “तूच लिहून दिलं ना. घे, वाच.” आणि दोघं-तिघं हसले.

“नक्कल दिली कशी त्यानं?” मी विचारलं.

“मी मेल्यावरबी वाचणार नाही म्हणून.”

मी म्हणालो, “मी तुम्हाला अर्ज लिहून देतो. वर पाठवू.”

“वरचा कागद खाली त्याच्याच टेबलावर येते, गुरुजी. आमच्या लाईनीतल्या दोघींनी पाठवून पाहिले.” ती कागदाची घडी घालू लागली. “वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येतेत. ते मद्राशी हायेत, त्यायले हिंदी येत नाही. आमाले पुसतेत, काही तक्रार हाय का? मधात शालिकराम उभा राह्यते. आमी काय बोललो आन् तो काय सांगते, देव जाणे. मले थोडंसं इंग्रजी द्या. मी कोन, तो कोन, त्यानं काय केलं, येवढंच. मले त्याले त्याच्याच तोंडासमोर पाडाचं हाय.”

मी हो म्हणालो. दया आली म्हणून म्हणालो, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्या वळणदार अक्षराच्या माणसाला पडलेलं मलाही पाहायचं होतं.

रोज संध्याकाळी खाणीतून परतताना ती शाळेच्या व्हरांड्यात अर्धा तास बसू लागली. शेजारी साधना. मी सर्वनामांपासून सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला.

“आय म्हणजे मी.”

“आय म्हंजे तर माय.”

“नाही. आणि माय म्हणजे माझं.”

साधना तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. ती आईला ‘माय’च म्हणायची. अनुसया हसली नाही. “बरं. आय मी, माय माझं. फुडं?”

“ही म्हणजे तो.”

“ही म्हंजे ही. बाई.”

“आपल्यात. इंग्रजीत ही म्हणजे पुरुष. आणि बाईला म्हणायचं शी.”

तिनं मान वर केली. “शी?”

“शी.”

“तरीच,” ती म्हणाली. “साहेबासमोर तो सारखा आमच्याकडे बोट करे आन् शी शी म्हणे. आमाले वाटे, आमची घाण वाटून राह्यली त्याले.” मग म्हणाली, “वाटतच असन तशीबी.”

‘ही’नं मात्र तिला फार छळलं. दोन महिने तिच्या तोंडून शालिकरामसाठी ‘शी’ आणि स्वतःसाठी ‘ही’ निघायचं. शेवटी तिनंच उपाय काढला. दगड फोडताना हातोडीच्या प्रत्येक घावाला ती म्हणू लागली, “ही. ही. ही.” प्रत्येक दगड म्हणजे तो माणूस. शेजारच्या बायका म्हणायच्या, अनुसयेच्या डोक्यावर परिणाम झाला. पण हिवाळा संपता संपता तिचं ‘ही’ पक्कं बसलं.

मग ‘ॲम, इज, आर’. मग ‘हॅव’ आणि ‘हॅज’. ही क्रियापदं ती दुकानात चांगला-वाईट माल निवडावा तशी निवडायची. “हे मले कामाचं हाय का?” असं आधी विचारायची. फुलं, फळं, रंग यांचे शब्द तिनं घेतलेच नाहीत. ‘टेक’चं ‘टुक’ होतं हे कळल्यावर म्हणाली, “हे द्या.” ‘राइट’चं ‘रोट’ घेतलं. अक्षरं मी तिला त्याच निळ्या कागदावर बोट ठेवून वाचायला शिकवली, आणि साधनानं ती गिरवून घेतली. एके दिवशी विचारलं, “खोटारडा याले काय म्हंतेत?”

मी म्हणालो, “तो शब्द नको. साहेबासमोर शिवी दिली तर तुमचीच बाजू पडेल. जे घडलं तेवढंच सांगा.”

तिला पटलं नाही, पण ऐकलं. त्या वर्षी साहेब आले तेव्हा ती उभीच राहिली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “अजून कच्चं हाय. एकदाच मोका भेटन. तो वाया घालू का?” आणखी एक वर्ष ती तशीच येत राहिली, पावसात, तापात, सणावाराला. त्या वर्षात मी तिला नुसते प्रश्न विचारायचो. तुझं नाव काय, तू कुठं राहतेस, तुला मुलं किती, हा कोण. ती उत्तरं द्यायची. कधी उलट क्रमानं विचारायचो, कधी ओरडून विचारायचो, कारण साहेब कसा विचारील सांगता येत नव्हतं.

सहासष्टच्या जानेवारीत तपासणी झाली. मी तिथं नव्हतो. पण त्या पाळीतल्या चार बायकांनी मला वेगवेगळं येऊन सांगितलं, आणि ते जुळत होतं.

साहेब दगड निवडण्याच्या जागी आले. बरोबर शालिकराम, हातात वही. साहेबांनी पहिल्या बाईला काही विचारलं. शालिकरामनं तिला हिंदीत विचारलं, “कोई तकलीफ है?” ती बाई म्हणाली, पाण्याची टाकी दोन महिने फुटलेली आहे. शालिकराम साहेबांकडे वळून म्हणाला, “शी इज हॅपी, सर.”

अनुसयानं हातोडी खाली ठेवली आणि उठली. “नो, सर. शी इज नॉट हॅपी. शी हॅज नो वॉटर.”

बायका सांगत होत्या, साहेब असे वळले की त्यांच्या हातातली काठी पडली. त्यांनी विचारलं, “हू आर यू?”

“आय ॲम अनुसया. आय वर्क हिअर.”

“व्हेअर डू यू लिव्ह?”

“आय लिव्ह इन बालाघाट. आय हॅड अ रूम हिअर.” तिनं बोट उचललं. “ही टुक माय रूम.”

शालिकरामचा चेहरा उतरला. तो घाईघाईनं म्हणाला, “शी इज मॅड, सर.”

‘मॅड’ हा शब्द मी तिला शिकवला नव्हता. पण ‘शी’ तिला येत होतं. ती म्हणाली, “आय ॲम शी. आस्क मी.”

साहेबांनी बाबूला हातानं गप्प केलं आणि तिलाच विचारलं, लग्न झालं आहे का, मुलं किती. ती थांबत थांबत, पण न चुकता बोलली. माझा नवरा खेमराज. तो इथंच मेला. मी त्याची बायको होते. मला एक मुलगी आहे. मग कमरेच्या पिशवीतून तो कागद काढून समोर धरला. “ही रोट. आय डिड नॉट से. सर, रीड.”

साहेबांनी कागद वाचला. मग शालिकरामच्या हातातली वही मागून घेतली आणि दोन्हींवरचं अक्षर शेजारी शेजारी धरलं. वही आणि कागद, दोन्ही त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतले.

चौकशी चार महिने चालली. ऑफिसच्या कपाटातून असे आणखी नऊ कागद निघाले. कुणाची आई झाली होती मावशी, कुणाचा मुलगा झाला होता पुतण्या. जूनमध्ये शालिकरामची नोकरी गेली, आणि अनुसयाला तिची खोली परत मिळाली.

साळ्यानं खोली रिकामी केली त्या दिवशी ती पाळी बुडवून दारात उभी होती. शेवटचं भांडं बाहेर निघेपर्यंत हलली नाही. साळ्याच्या बायकोच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर होतं. शेजारणी म्हणाल्या, आजची रात्र राहू दे त्याले. अनुसया म्हणाली, “माह्या पोरीले त्यायनं एक रात्र देल्ली नव्हती.” पोराला तसंच नेलं. हे मला साधनानं सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

मला वाटलं, संपलं. पण अनुसयाचं संपलं नव्हतं.

नोकरी गेल्यावर शालिकराम बालाघाटच्या कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहू लागला. खाणीला सोमवारी सुट्टी असायची. पहिल्याच सोमवारी अनुसया तिथं आली आणि त्याच्यासमोर दहा हातांवर, भिंतीला टेकून बसली. कोणी त्याच्याकडून कागद लिहून निघालं की म्हणायची, “द्या, वाचून दाखवीन. पैसे नाही घेत.” बिचारी माणसं द्यायची. ती बोट ठेवून वाचायची, न येणारे शब्द वहीत उतरवून संध्याकाळी मला विचारायची. नंतर तिनं हिंदीही तसंच उचललं.

शालिकरामनं जागा बदलली. पुढच्या सोमवारी ती नव्या जागेसमोर.

एक गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे. त्याचे कागद बरोबर असायचे. दोन वर्षांत तिला एकही खोट सापडली नाही. मीच एकदा म्हणालो, “अनुसयाबाई, माणूस सुधारला. आता सोडा.”

“सुधारला म्हणून मी काहून सोडू? मी बसली म्हणून सुधारला.”

“पण खोट नाही निघाली की लोकांना तसं सांगता का?”

ती वहीची पानं उलटू लागली. सांगत नव्हती. नुसता कागद परत द्यायची, आणि तिच्या गप्प राहण्यातून लोक काय समजायचं ते समजायचे. गिऱ्हाईक आटत गेलं. लांब बैहर-बिरसाच्या खेड्यांकडून येणारी माणसंही दुसऱ्या टेबलाकडे जाऊ लागली.

सत्तरच्या उन्हाळ्यात शालिकरामची बायको सत्यभामा तिच्या खोलीवर आली. मी त्या दिवशी साधनाच्या कॉलेजच्या फॉर्मसाठी तिथं गेलो होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं.

सत्यभामा जमिनीवर बसली. म्हणाली, “बाई, दोन वेळची चूल पेटत नाही आमची. मी तुमचं काय बिघडवलं?”

“तुमी कोन?” अनुसयानं विचारलं.

“मी त्यायची बायको, सत्यभामा.”

“बायको,” अनुसया म्हणाली. “कशावरून? उद्या मी लिहीन का तुमी त्यायची बहीण हाय. अंगठा घेईन. मग तुमी दारोदार सांगत फिरा का मी बायको होती.”

सत्यभामा रडू लागली. साधना पाणी घेऊन उठली, तर अनुसयानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. पोर गडवा घेऊन तशीच उभी राहिली. मी खाली मान घालून फॉर्म भरत होतो. त्या वेळी मी उठून काही बोललो नाही, आणि ते मला आजही बोचतं. ज्या बाईला मी ‘वाइफ’ हा शब्द वाचायला शिकवला, ती तो शब्द दुसऱ्या बाईच्या गळ्यावर धरून उभी होती.

पाऊस सुरू व्हायच्या आत शालिकराम बिऱ्हाड घेऊन गोंदियाला गेला. तिथं कुणा नातलगाच्या दुकानात तराजूवर वजनं ठेवायला लागला, असं ऐकलं.

त्यानंतरच्या सोमवारपासून अनुसया कचेरीपाशी गेली नाही. वाचून घ्यायला लोक खोलीवर यायचे, लाईनीतल्या बायका तर हक्कानं यायच्या. ती म्हणायची, साधनाकडून घ्या. मी एकदा विचारलं, “एवढं शिकलात, लोकांच्या उपयोगी पडा की.”

“लोकायसाठी शिकली होती का मी? तुमाले पहिल्या दिवशी सांगतलं होतं.”

“मग आता समाधान आहे?”

ती सुपात तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, “नाही. तो लवकर गेला, गुरुजी. मले अजून दोन वर्षं पाहिजे होते.”