बाजाराच्या दिवशी तडकलेले शाफ्ट

दिगंबरकाकांची आणि माझी ओळख भांडणातच झाली. साखऱ्याजवळच्या तांड्यावरून आयटीआय करून मी जवळा बाजार या गावी त्यांच्या भट्टीवर काम मागायला गेले, तेव्हा एक जुने कारागीर म्हणाले, "इथं बाईमाणसाचं काय काम?" काका त्यांच्यावरच उखडले, "भट्टीला विचारलं का तुमी?" दुसऱ्या दिवशी मी कामावर होते.

नांगराच्या फाळांना पाणी देण्यात, म्हणजे ते तापवून, बुडवून कडक करण्यात काकांची हयात गेली. साठीनंतर मात्र हट्टाने ते रोबोटच्या हातातले गिअर आणि बोटभर शाफ्ट कडक करायला शिकले. एका कारखान्याने नमुन्याचे शाफ्ट पाठवले. ते पास झाले तरच पुढचे काम मिळणार होते.

लालबुंद शाफ्ट तेलात बुडवले की लगेच मंद आचेवर शेकावे लागतात, नाहीतर आतल्या ताणाने तडकतात. हे मला पाठ होते. पण बाजाराच्या दिवशी आमची भट्टी दुपारीच बंद होते आणि मलाही बाजार गाठायचा होता. शेकणे मी सकाळवर टाकले. सकाळी दोन शाफ्टवर केसाएवढ्या चिरा होत्या.

"काका, दोनच हायेत. बाकीचे देऊन टाकू," मी म्हणाले.

"बाकीच्याच्या पोटात काय हाय, दिसून राहिलं का तुला? रोबोटचा हात मधीच अडकला तर तिथं माणूस उभा असतो."

त्यांनी माझ्यासमोरच कारखान्याला फोन लावला. "चूक माझ्या भट्टीवर झाली. एक डाव पुन्हा माल द्या." माझे नाव घेतले नाही. कारखान्याने शेवटची संधी दिली.

नवे शाफ्ट आले तेव्हा मी लांबच थांबले. "काहून उभी? लाव भट्टी," काका म्हणाले. मी नाही म्हटले, रडलेही. ते ढिम्म हलले नाहीत. स्टूल टाकून बसले, शेवटी मीच भट्टी लावली, तर शेवटचा शाफ्ट मी शेकून काढेपर्यंत ते उठले नाहीत आणि कशालाही हात लावला नाही.

माल पास झाल्याचा फोन आला. कारखान्याचे साहेब काकांचे कौतुक करू लागले. काकांनी त्यांना मध्येच थांबवले, "म्या न्हाई केलं. आमच्या सविताताईनं केलं. नाव लिहून घ्या."

काका आता पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. भट्टी मी सांभाळते आणि दोन नवी माणसे माझ्याकडे शिकत आहेत. काका, तुम्हाला उदंड, धडधाकट आयुष्य लाभो. या शिकणाऱ्यांच्या हातून चूक होईल तेव्हा फोन मी लावीन. तो ऐकायला तुम्ही शेजारी असावे, एवढेच माझे मागणे आहे.