गाठीत टोचलेला विषाणू आणि देवळाची पायरी

देवीवर रागावलेली बाई देवीचा अनुभव काय सांगणार, असं कुणालाही वाटेल. पण मी रागावलेली होते, आणि तो राग लपवून लिहिलं तर सगळंच खोटं होईल.

माझं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. गावदेवीच्या देवळाचं अंगण मी सतरा वर्षं सारवलं. मग तळपायाला काळा डाग आला आणि तो कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, तरी पोटरीवर चार गाठी उठल्या. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे. तापात ओठावर फोड आणणारा विषाणू बदलून थेट गाठीत टोचायचा; तो कॅन्सरच्या पेशींत वाढून त्या फोडतो आणि अंगातली लढायची ताकद जागी करतो. "गुण येईलच असं नाही सांगत," त्या म्हणाल्या. "टोचलेल्या जागेवरची पट्टी मात्र सुटू द्यायची नाही. मग जवळ बसायला कुणाला भीती नाही." मी सही केली.

गावात 'विषाणू' एवढा एकच शब्द पोचला. दुसऱ्या इंजेक्शननंतर देवळात गेले, तर गुरव आडवा आला. "वैनी, ती पीडा अंगात हाय तवर पायरी चढू नका. गावाला लागंल." पट्टी असली की धोका नाही, असा डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद पुढे केला, कुणी हातात घेतला नाही. मी ज्या अंगणात उभी होते ते माझ्याच हातांनी सारवलेलं होतं! गाभाऱ्याकडे बघून मी मोठ्याने विचारलं, "तुला पण माझी भीती वाटते काय गो?" आणि घरी आले. पुढे कित्येक दिवस देवापुढे दिवा लावला नाही.

तिसऱ्या इंजेक्शनहून परतताना पोलादपूर स्टँडवर घामाने पट्टी सुटली. अंगात ताप, वाकता येईना. गावच्याच दोघी शेजारी बसल्या होत्या, त्या उठून लांब गेल्या. तेवढ्यात एक साठीची बाई आली. माझ्या हातातला डॉक्टरीणबाईंचा कागद मागून घेऊन तिने शेवटपर्यंत वाचला आणि पिशवीतून हातमोजे काढले. महाडची निवृत्त नर्स होती ती. जुनी पट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तिने नवी घट्ट लावली. मला रडू फुटलं. "देवीनंच धाडलं तुम्हांला."

ती हसली. "मी विहारात जाते, ताई. मला कुणी नाय धाडलं. पट्टी लोंबताना दिसली, म्हणून आले." मग त्या दोघींकडे वळून कडाडली, "पट्टी नसती बांधली तरी चाललं असतं, घोटभर पाणी तरी द्यायचं होतं!"

माझ्या तोंडून जे निघत नव्हतं, ते तिने बोलून टाकलं. मग तिची गाडी लागली आणि ती गेली. नाव विचारायचंही राहिलं.

आज चारपैकी तीन गाठी विरल्या आहेत. चौथीचं काय होईल ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही. गाठी विरल्याचं ऐकून गुरवाने देवळात यायचं बोलावणं धाडलं. मी जाते, पण त्याला अजून माफ केलेलं नाही. देवाला फक्त गोड तेवढंच द्यायचं, असं मी समजत होते. आता हात जोडते तेव्हा त्या नर्सबाईंचे उपकार सांगते, चौथ्या गाठीची भीती सांगते, आणि हा संतापही देवीच्याच पायाशी ठेवते. तो ठेवून घ्यायचा की मला परत द्यायचा, ते तिने ठरवावं.