तळव्याखालचा डोळा

माण तालुक्यातल्या त्या गावात पीरमहंमद मुलाण्याशिवाय बोकडाच्या मानेला सुरी लागत नव्हती. बोकड मराठ्याचा असो का धनगराचा, नवस म्हसोबाचा असो का कुणाच्या नातवाचं जावळ असो, सुरी मुलाण्याची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पीरमहंमदच्या आज्याच्याही आधीपासून चालत आलेला तो मान होता. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी साठ-साठ बोकडं पडायची आणि ऊन डोक्यावर यायच्या आत गावभर रश्श्याचा वास सुटायचा, असा गडी सपाट्याचा.

कामाची त्याची एक रीत होती. बोकडाला आधी पाणी पाजायचं. सुरी त्याच्यासमोर घासायची नाही. मग पच्छिमेला तोंड करून आडवा पाडायचा, डावा तळवा त्याच्या डोळ्यावर पसरायचा, अल्लाचं नाव घ्यायचं आणि उजव्या हातानं एकाच ओढीत मोकळं करायचं. तळव्याची गोष्ट त्याच्या बापानं शिकवलेली. पीरमहंमदला पहिल्यांदा सुरी दिली तेव्हा बाप म्हणाला होता, "त्यानं तुला बघायचं न्हाई, तू त्याला बघायचं न्हाई. दोगांचं बी भागतं." त्याला आता बेचाळीस वर्षं झाली. हजारो बोकडं त्या हाताखालून गेली, पण शेवटच्या घडीचा डोळा पीरमहंमदनं एकदाही बघितला नव्हता. बघावा असं मनातही आलं नव्हतं.

आलं ते लालासाहेबाच्या दुकानात.

लालासाहेब पंधरा वर्षं मुंबईत गोदामावर होता. तिथनं कंटाळून आला आणि एसटी स्टँडावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. भिंतीवर हा मोठा टीव्ही लावला. दुपारच्याला गिऱ्हाईक नसलं की तो जपानी चित्रांचे पिक्चर लावायचा, हिंदीत बोलणारे. चित्रांचा पिक्चर म्हणजे पोराटोरांचा, असं समजून पीरमहंमद टेकला, आणि पाचव्या मिनिटाला पडद्यावर एका माणसाचं मुंडकं जिन्यावरनं गडगडत खाली आलं.

"आयला! ह्यो कसला पोरांचा?"

"पोरांचा न्हवंच त्यो चाचा. थोरल्यांचा हाय. ह्यांला निंजा म्हणत्यात," लालासाहेब म्हणाला.

काळ्या कापडात गुंडाळलेली, नुसत्या डोळ्यांपुरती उघडी माणसं. कौलावरनं पळायची, छताला चिकटून राहायची आणि खाली उतरली की दहा-वीस जणांची खांडोळी करूनच जायची. पीरमहंमदला गंमत वाटली. रोज दुपारी तो तिथं बसायला लागला. मेंढरं मुलांच्या हवाली करून बिराप्पा धनगरही यायचा, आणि मुलाण्याला डिवचणं हे त्याचं काम.

"चाचा, ह्यो गडी कसा वाटतुय? आवंदा जत्रंला ह्यालाच सुपारी द्यावी का?"

"दे की. साठ बोकडं घटकंत करंल. पर मटान भिंतीवरनं खरवडून खावं लागंल तुला."

"हाताला झटका बगा की त्येच्या!"

"झटका कसला? मानंत मणका असतुय का न्हाई? ती काय दोडक्याची फोड हाय? आन् रगत असं नळ फुटल्यावानी कवा उडतंय व्हय? धा मोजायच्या आत जोर जातुय."

दुकान हसायचं. पुढंपुढं तर लालासाहेब पिक्चर मध्येच थांबवून विचारायचा, "चाचा, ह्ये बरोबर का चूक?" आणि चाचा चूक काढायचा. कापणाऱ्याचा खांदा चूक, पडणाऱ्याचा पाय चूक. बेचाळीस वर्षांत त्याच्या कसबाची एवढी विचारपूस कुणी केली नव्हती.

फाल्गुनातल्या एका दुपारी लालासाहेबानं नवीन पिक्चर लावला. त्यात एक म्हातारा निंजा होता. बर्फ पडत होतं. लाकडी पुलावर पहारेकरी उभा. म्हातारा मागनं आला, पहारेकऱ्याच्या तोंडावर हात ठेवला आणि गळ्यावरनं पातं ओढलं. रक्त दाखवलं नाही. आवाज नाही. पडद्यावर फक्त पहारेकऱ्याचा डोळा आला, अख्ख्या भिंतीएवढा. तो डोळा आधी इकडं-तिकडं फिरला, काहीतरी हुडकल्यासारखा. मग एका जागी थांबला. तरी तो बघतच होता. वरनं बर्फाचा एक कण आला आणि थेट बुबुळावर पडला. पापणी मिटली नाही.

"बोला चाचा, चूक काय ह्यात?" बिराप्पानं विचारलं.

पीरमहंमद उठला. मग म्हणाला, "ह्यात चूक न्हाई." आणि चपला घालून घरी गेला.

त्या शुक्रवारी त्यानं आपल्या मटणाच्या दुकानासाठी बोकड धरला, डाव्या तळव्यानं डोळा झाकला आणि त्याला तळव्याखाली पापणीचे केस लागले. हलत होते. नेहमीच हलत असणार, पण हे बेचाळीस वर्षांत त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. सुरी फिरली. केस हलायचे थांबले. नक्की कधी थांबले ते मात्र कळलं नाही.

तिथनं तळवा त्याच्या मागं लागला. साबणानं धुतला, राखेनं घासला, तरी मधोमध काहीतरी फडफडल्यासारखं व्हायचं. जेवताना तो डावा हात मांडीखाली दाबून बसायचा. बायको रशीदानं दोन दिवस बघितलं आणि विचारलं, "हात को क्या हुवा जी?"

"कुछ नै."

स्टँडावर उन्हाच्या भीतीनं तोंडाला ओढण्या बांधून कॉलेजच्या पोरी गाडीवरनं जायच्या, नुसते डोळे उघडे. पीरमहंमद मान फिरवायचा. लालासाहेबाकडं मात्र रोज जायचा आणि एकच मागायचा, "ते पुलावरचं लाव."

"चाचा, ईस बारी झालं की."

"लाव रं. ह्ये काढणारा कोण?"

"जपानात शंभर माणसं बसत्यात काढाय. कोण म्हणून सांगू?"

"डोळा एकानंच काढला आसंल. त्येनं बघितलंय ह्ये."

"बघितलंय कशाचं? मनानं काढत्यात."

"मनानं काढला असता तर पापणी मिटली असती गड्या."

लालासाहेबानं टीव्हीचा आवाज बारीक केला.

चैत्रात जत्रा आली. पीरमहंमदला ठाऊक होतं, हात चालत नाही असं तोंडातून गेलं की मान गेला. मग तो मान विट्याच्या कुणा खाटकाच्या घरात जाणार आणि मुलाणी नावापुरता राहणार. म्हणून तो कुणाला काही बोलला नाही. सकाळी आंघोळ करून सुरी घेऊन म्हसोबाच्या माळावर गेला.

पहिली अकरा बोकडं रीतीनं झाली. बाराव्याला तळव्यात अशी फडफड उठली की त्यानं हात उचलला. आणि बघितलं.

आडव्या बाहुलीचा पिवळा डोळा होता. त्याच्यात माळ होता, मंडपाचं कापड होतं, उभी माणसं होती. सुरी फिरली. डोळा बघत राहिला. पीरमहंमद वाकून थांबला. आता थांबेल, मग थांबेल.

"चाचा, फुडचं घ्या!" मागनं कुणीतरी ओरडलं.

त्यानं पुढचं घेतलं, तळवा ठेवला, पण हात आपोआप वर आला. मग प्रत्येक बोकडाला तेच. सुरी फिरवायची, वाकायचं, बघत बसायचं. ऊन चढलं. रांग हलेना. पावणेरावळे मांडवात ताटकळले, चुली नुसत्याच पेटून राहिल्या. सरपंच उदयसिंह तरातरा आला.

"मुलाणी, काय मुहूर्त बगताय का काय? निम्मी बोकडं उभी हायती अजून!"

"थांबा वाईच. संपलं न्हाई ह्येचं."

"संपलं न्हाई? रगत सुकलं की त्येचं!"

पीरमहंमदनं मान वर केली नाही. दिवस कलला तेव्हा शेवटचं बोकड झालं. तोवर बरेचसे पावणे गूळ-शेंगदाण्यावर भागवून एसटीला लागले होते. गावाची जत्रेत एवढी शोभा कधी झाली नव्हती. आठ दिवसांत बैठक बसली आणि पुढच्या सालापासून विट्याचा खाटीक आणायचं ठरलं. लालासाहेब सांगायला घरी आला, तर पीरमहंमद एवढंच म्हणाला, "बरं केलं. लोकांनी तरी किती येळ उपाशी ऱ्हावं?"

पण तो गेल्यावर त्यानं सुरी फडक्यात गुंडाळली आणि दोन दिवस घराबाहेर पडला नाही.

पुढची जत्रा आली. विट्याचा गडी चलाख निघाला. माळावरनं सारखी आरडाओरड ऐकू येत होती आणि पीरमहंमद ओट्यावर कांदे निवडत बसला होता. एवढ्यात बनुबाई दारात आली. खालच्या आळीची विधवा बाई, सत्तरीची. हातात दोरी, दोरीला काळा बोकड. लेकीच्या दुखण्याचा नवस होता तिचा.

"चाचा, माजं तुमी करा."

"माज्याकडं आता मान न्हाई बनुबाई. माळावर न्या."

"बगून आले. त्यो एकावर हाय आन् दुसरं शेजारी उबं. बघतंय ते समदं. मला न्हाई पटलं."

पीरमहंमद उठला. पाण्याची घागर आणली. बोकड पाणी प्याला. तिनं देवाच्या नावानं त्याच्या पाठीवर पाणी शिंपडलं. बोकडानं अंग झाडलं, म्हणजे नवस म्हसोबाला पावला. अंगणात पच्छिमेला तोंड करून त्याला आडवा घेतला, तेव्हा बनुबाईनं विचारलं, "खरं सांगा, काय दिसतंय हो त्येच्या डोळ्यात?"

"काय दिसायचं? ते आपल्याला बगत असतंय. मग बगायचं थांबतंय. त्ये कवा थांबतंय तेवढं मला गावंना."

"मंग?"

"मंग काय. गावंस्तर बसायचं. तुमी आत जावा, रशीदा च्या करंल. लय येळ लागतुय मला."

बनुबाईनं दोरी खाली टाकली. पदर खोचला आणि गुडघ्यावर हात देत ती बोकडाच्या तोंडापाशी मांडी घालून बसली.

"दोन वर्सं पाला घातलाय ह्येला म्या," ती म्हणाली. "मी बी बसते."