दुसऱ्या ब्रेकचा फोन

दादा गेला तेव्हा मी त्याच्यावर रुसलेली होते... दीड महिना झाला, पण हे वाक्य लिहितानाही हात अडतो. माझा हा थोरला भाऊ रोह्याला, अष्टमी भागात राहायचा, मी पेणला. दोघंही एकेकटे. रोज संध्याकाळी एका पोलीस कुटुंबाची मालिका आम्ही आपापल्या घरी बघायचो आणि जाहिराती लागल्या की फोनवर भांडायचो. तो निवृत्त हवालदार, मी निवृत्त शिक्षिका. हार कोणीच मानत नसे.

मालिकेतला इन्स्पेक्टर मला भारी आवडायचा. घरी आईच्या पाया पडणारा, चौकीत संशयिताला बदडून काढणारा. दादा चिडायचा. "मग कोर्ट कशाला ठेवलंय? आणि बदडताना मागे आरतीसारखं संगीत कशाला वाजवतात गो?" त्या दिवशी इन्स्पेक्टरने एकाला उलटं टांगलं. "बरं केलं!" मी म्हणाले. "हेच शिकवलंस काय शाळेत पोरांना?" दादा म्हणाला. मला ते झोंबलं. मीही बोलले, "तू कधी कुणावर हात उगारला नाहीस, म्हणून हवालदारच राहिलास." तो म्हणाला, "तुला एक सांगायचं हाय. दुसऱ्या ब्रेकला करतो फोन."

फोन वाजला. वाजू दे, म्हटलं, नाही उचलला. तासाभरात त्याच्या शेजाऱ्यांचा आला. दादा खुर्चीतच गेला होता, टीव्ही चालूच होता.

दहाव्याला गडब गावाहून एक वयस्क शेतकरी आले. डावं मनगट वाकडं. "यो हात दादांनी मोडला, ताई," ते शांतपणे म्हणाले. ऐकू आलं, पण डोक्यात शिरेना. चोरीच्या संशयावरून त्यांना धरलं होतं. चोर दुसराच निघाला. "तवापासून दर साली माझ्याकडं भात लावायला येत. नको म्हटलं तरी ऐकत नसत."

लावणीच्या दिवसांत दादाला नेमका बंदोबस्त लागायचा. निवृत्तीनंतर तो 'जुन्या मित्राकडे' जायचा. त्याच्या नखांतला चिखल मी पाहिला होता, चेष्टाही केली होती. कुणाला अरे न म्हणणारा माझा दादा... त्याने माणसाचा हात मोडला? अजून पटत नाही. भयंकर राग येतो, आणि मग तो न उचललेला फोन आठवतो.

मालिका अजून बघते. इन्स्पेक्टरने हात उगारला की आवाज बंद करते. ब्रेक लागला की फोन आपसूक हातात येतो. परवा दुसऱ्या ब्रेकला गडबला लावला. यंदा लावणी कधी, विचारलं.

"तुम्हाला जमंल काय, ताई?"

"भात लावता येत नाही मला," मी म्हणाले. "तुम्ही शिकवा."