धाकटीचे निरोप

या, इथं जवळ येऊन बसा. दारात उभ्या राहिलेल्या माणसाशी मला बोलता येत नाही. आणि आधी एक सांगा, मुंबई-पुण्याच्या मध्ये तुमच्या इतक्या खेपा होतात, लोणावळ्याला चिक्कीसाठी थांबता, भज्यांसाठी थांबता, पण सोमाटणे फाट्यावरून मान वर करून डोंगराकडं एकदा तरी बघितलंत? वर कड्याच्या कपारीत आमची चौराई देवी बसलेली आहे. तिच्या पायथ्यावरून तुम्ही सुसाट निघून जाता आणि वर मलाच विचारता, "मावशी, तळेगावात बघण्यासारखं काय आहे हो?" काय म्हणावं तुम्हाला! अहो, दुसरं काही नसलं तरी आमचे भाऊजी आहेत.

भाऊजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. अख्ख्या मावळात त्यांच्याइतका देव न मानणारा माणूस नाही, आणि त्यांच्याइतक्या वेळा देवीचा डोंगर चढलेला माणूसही नाही. आता हे दोन्ही एकाच माणसात कसं बसतं, ते समजायचं तर आधी माणूस समजला पाहिजे. त्यांनी सगळी नोकरी कारखान्यात काढली, तीही तपासणी खात्यात. समोर आलेला नग एक तर 'चालेल', नाही तर 'परत'. तिसरा शब्द त्या खात्यात नव्हता आणि तो भाऊजींच्या बोलण्यातही कधी आला नाही. माझे बेसनाचे लाडू सगळं तळेगाव नावाजतं. भाऊजींनी ताटलीतले दोन उचलले, डोळ्यांसमोर धरले आणि म्हणाले, "ताई, चव चालेल. पण हे दोघं एका आईचे नाहीत." सख्ख्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलीच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "कसं काय वाटलं?" भाऊजी म्हणाले, "मुलगी उत्तम आहे. मुलाची मात्र तुम्ही जरा चौकशी करा." तरी ते लग्न झालं. सूनबाई अजून म्हणते, त्या घरात निदान एक माणूस खरं बोलतो हे बघूनच मी हो म्हटलं.

तर असा हा माणूस, आणि माझी बहीण म्हणजे चौराईची सख्खी मैत्रीणच. लग्न होऊन आली तेव्हापासून दर मंगळवारी डोंगर चढायची. भाऊजी खाली वडाखाली वर्तमानपत्र वाचत बसायचे. पुढं धाकटीला दम लागायला लागला. आधी डोंगर सुटला, मग सोसायटीचा जिनासुद्धा भिंत धरून चढायची पाळी आली. पहिला मंगळवार चुकला तेव्हा ती गॅलरीत बसून नुसती डोंगराकडं बघत राहिली, जेवलीसुद्धा नाही. दुसऱ्या मंगळवारी भाऊजींनी चपला घातल्या आणि म्हणाले, "काय सांगायचं असेल ते सांग. पोचवतो."

तेव्हापासून हे निरोपाचं काम सुरू झालं. धाकटी दारात उभी राहून सांगायची, भाऊजी ऐकून घ्यायचे आणि विसरू नये म्हणून सगळी वाट पुटपुटत जायचे. पांढऱ्या मिशा, खाली घातलेली मान, हलणारे ओठ, बघणाऱ्याला वाटावं मोठा जप चाललाय. एकदा परंदवडीच्या एका बाईनं वाटेत त्यांच्या पायावर डोकंच ठेवलं.

"आबा, कुठला मंतर हाय वो हा?"

"मंत्र नाही. हिच्या लोणच्याला बुरशी आली, ते सांगायचंय."

"आगं बया! आन् देवी काय करनार त्या लोनच्याचं?"

"ते मी विचारत नाही. मी फक्त पोचवतो."

वर गेल्यावर चपला काढायचे, कारण तशी रीत आहे. हात जोडायचे नाहीत, कारण मनात नाही. खण, नारळ, तांदूळ नीट मांडून ओटी भरायला लागले की तिथल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. एक आजी तर रागावल्याच, "पुरुषमाणसं कुटं ओटी भरत्यात व्हय?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "ओटी तीच भरतेय. हात तेवढे माझे आहेत." आजींनी खणाची घडी नीट करून दिली.

आणि घरी आल्यावर धाकटी विचारायची, "काय म्हणाली?"

"काही नाही."

"चेहरा कसा होता?"

"गेल्या मंगळवारी होता तसाच. शेंदूर नवा लावलाय."

एवढ्यावर धाकटी खूश! मला मात्र राग यायचा. एकदा मी म्हटलं, "अहो भाऊजी, 'हसली' म्हणा की! काय जातं तुमचं?" तर म्हणाले, "ताई, एकदा हसली म्हटलं की पुढच्या मंगळवारीही तिला हसवायला लागेल. आणि हिला कळलं, की मग ही मला कधी काही विचारायची नाही."

पुढं डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन करायलाच हवं, थांबण्यात अर्थ नाही. धाकटी घाबरली. घाबरली की ती हट्टाला पेटते, लहानपणापासूनची खोड आहे. सगळ्यांसमोर तिनं जाहीर केलं, "देवीला विचारून या. ती हो म्हणाली तर करीन. नाहीतर मला इथंच राहू दे, माझ्या गॅलरीत."

आता आली का पंचाईत! जग इकडचं तिकडं झालं तरी हे गृहस्थ येऊन 'काही नाही' म्हणणार. मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "भाऊजी, या वेळी 'हो म्हणाली' म्हणा. तुमच्या पाया पडते." भाऊजींनी पाण्याचा पेला धुऊन पालथा घातला आणि निघाले. माझा धीर सुटला. मीही मागोमाग निघाले. मनात पक्कं केलं होतं, हे 'काही नाही' म्हणाले तर मी सांगणार, मी स्वतःच्या कानांनी देवीचा होकार ऐकला म्हणून. माझे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत नाही, पण चढले. भाऊजी पुढं, मी मागं, आणि त्या दिवशी त्यांचे ओठ हलत नव्हते.

गुहेपाशी मी बाहेर टेकले. ते आत गेले. "धाकटी विचारतेय, ऑपरेशन करू का," एवढं ऐकू आलं. खालून हमरस्त्याची घरघर तेवढी येत होती. आणि मग भाऊजी बोलायला लागले. हळू, अडखळत, पण बोलतच राहिले. मी कान टवकारले, खोटं कशाला सांगू! पण नेमक्या तेव्हाच बायकांचा एक घोळका आला आणि त्यांनी घंटेला जे धरलं ते सोडायलाच तयार नाहीत. मला एक अक्षर कळलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "धूर आहे आत," म्हणाले. खरंच होता, उदबत्त्यांचा.

घरी धाकटी गॅलरीतच होती. "काय म्हणाली?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "काही नाही."

मी देवीचा होकार सांगायला पुढं सरकले, पण धाकटी त्यांच्याकडं बघत राहिली. "मग एवढा उशीर का झाला? माझा निरोप तर एवढासाच होता."

"तुझा सांगून झाला. मग माझं सांगत होतो."

"तुमचं? तुमचं काय होतं सांगण्यासारखं?"

"होतं."

एवढंच बोलले. धाकटीनं पदरानं चेहरा पुसला आणि माझ्यावरच ओरडली, "ताई, बघत काय बसलीस? माळ्यावरची बॅग काढ. ह्या माणसाला तिच्यापुढं तोंड उघडायला लावलं मी. आता नाही कसं म्हणू?"

ऑपरेशन नीट झालं. धाकटी घरात हिंडते-फिरते, माझ्या भाजीत मीठ कमी म्हणते, म्हणजे बरीच म्हणायची. डोंगर मात्र डॉक्टरांनी कायमचा बंद केलाय. भाऊजी त्या दिवशी काय बोलले ते तिनं कधी विचारलं नाही. मी विचारलं. मला म्हणाले, "ताई, तो निरोप तुमच्यासाठी नव्हता."

मंगळवार अजून चालू आहेत. पण हल्ली भाऊजी अर्ध्या वाटेत दगडावर बसतात, आणि तिथं पाखरं बघत बसलो होतो असं सांगतात. ऑपरेशननंतर काही मंगळवार मी सोबत गेले, आता माझे गुडघे नाही म्हणतात. म्हणून तुम्हाला बोलावतेय. एखादा मंगळवार बघून या. सकाळी लवकर या म्हणजे ऊन लागायचं नाही. त्यांचा हात धरू नका, रागावतील. नुसतं बरोबर चाला आणि तुम्हालाच दम लागला असं म्हणून मधूनमधून बसा. धाकटी दारात उभी असेल, देवीला तुमचं काही सांगायचं असेल तर तेही तिच्यापाशी सांगून ठेवा, पोचेल. आणि जेवायला मी भाकरी टाकते. पण बाई, बाबा, जे कोणी असाल ते, लवकर या.