एक पायरी खाली

आज सकाळी केस विंचरताना माझा उजवा हात खांद्याच्या वर गेलाच नाही. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी प्लास्टिकचा सांधा दाखवला. वाटीत बसलेला गोळा आणि त्याभोवती पिशवीसारखं आवरण. "हे आवरण आखडलंय. सध्या हात खाली ठेवूनच कामं करा."

मला एकदम अक्का आठवली, माझी मोठी काकू. नव्वदच्या दशकातलं शिरपूर, मी आठवीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे पुरणाचे मांडे चालले होते. मांडा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत मोठा करायचा, ते तिला जमेना. "मना हात वर जात नही व माय," ती म्हणाली.

मी सगळ्या बायकांसमोर म्हटलं, "कामाच्या वेळेलाच बरा दुखतो!" सगळ्या हसल्या. अक्काही हसली.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी तिनेच माझी वेणी घातली. त्या वर्षी ती स्वतः ओट्यावर बसून मला एक पायरी खाली बसवायची. का, ते मला आज कळलं.

दुपारी माफी मागायला तिला फोन लावला. माझ्या खांद्याचं ऐकताच ती म्हणाली, "मंग तुनी येणी कोन घालस व?"

मी वेणीचंच बोलत राहिले. माफी तशीच राहिली. तुमचीही कुणाकडे राहिली आहे का?